नमुन्याचा पडदा

कलकत्ता, गुरुवार, २ फेब्रुवारी १९५०

नको झालंय सगळं. खालच्या मजल्यावरचे मोझेसकाका चहाला आले होते. ज्यू, जन्म कापडधंद्यात गेलेला. त्यांच्या पोथीतला हिब्रू शब्द सांगत होते, बेत्सा. लबाडीची कमाई. मूळ अर्थ म्हणे नुसता कापून घेणं, मागावरून कापड कापतात तसं. बोलता बोलता सवयीनं आमचा नवा पडदा चिमटीत धरला. "हा माल बाजारात नाही आलेला."

ह्यांनी काकांचा कप पुन्हा भरला. गिरणीत कापड तपासायला गेलं की नमुना घरी आणायचाच, असा ह्यांच्या ऑफिसातला रिवाज. पण नमुना वीतभर असतो ना? हा खिडकीभर!

काका गेल्यावर पडदा काढायला मी स्टुलावर चढले. काढला तर सगळं घर रस्त्यावरून दिसेल. तशीच खाली उतरले.