पेपर डोक्यात तयार आहे

३ जून
आजपासून रोजनिशी. इतकी वर्षं कॉलेजात समाजकार्य शिकवतोय, पण जर्नलमध्ये नाव नाही. कारण वेळ. यंदा पेपर छापायचाच, नाहीतर प्रमोशन विसरा. विषय: चाकणला कंपन्यांत जमिनी गेलेल्या बायकांचं जगणं. पेपर डोक्यात तयार आहे, फक्त लिहायचा बाकी आहे.

९ जून
करिष्माचा पेपर छापून आला. करिष्मा म्हणजे डिपार्टमेंटमधली सगळ्यात ज्युनियर प्राध्यापिका, माझीच जुनी विद्यार्थिनी. गेटवर तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत माझा फोटो, मला न विचारता. खरं लिहायचं तर पोटात दुखलं. घरी तसं बोलून गेलो. बायकोने, अंजलीने, ओवा दिला.

२१ जून
चाकणला कुशाबाईंची मुलाखत. स्वतःचं शेत होतं तिथेच उभ्या राहिलेल्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्या पोळ्या लाटतात. त्यांना आधी गुणात्मक संशोधन म्हणजे काय ते नीट समजावलं. मग त्या म्हणाल्या, आता मी बोलू का? तेवढ्यात कंपनीची बस आली.

२२ जून
रेकॉर्डिंग ऐकलं. माझा आवाज चांगला येतो. कुशाबाईंचे काही ‘व्हय’ आणि एक ‘न्हाई’. मुलाखतींतून नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं असतं, त्याला सॅच्युरेशन म्हणतात. लोकांना त्यासाठी वीस-वीस मुलाखती लागतात. मला पहिल्याच मुलाखतीत आलं.

१४ जुलै
आज लिहायला बसणार होतो. टेबल डगमगतं.

२ ऑगस्ट
करिष्मा स्वतःहून आली. नव्या पेपरसाठी माझ्याशी बोलायचं म्हणे. शेवटी माझ्याकडेच यावं लागलं ना. भरपूर मार्गदर्शन केलं. संपादकांचं राजकारण, घरातला गोंगाट, टेबल, सगळं. तिने संमतीची सही घेऊन फोनवर रेकॉर्ड केलं. स्वतः फारशी बोललीच नाही. मुलाखत घेणं अजून जमत नाही तिला. निघताना म्हटलं, आभारात नाव टाक. म्हणाली, सर, तुमच्याशिवाय हा पेपर होणारच नाही.

१० सप्टेंबर
करिष्माचा मेल. माझं बोलणं टाइप करून पाठवलंय, वाचून काही बदल असतील तर कळवा म्हणते. ‘ओके, उत्तम’ असं लगेच कळवलं. माझंच बोलणं मी काय वाचायचं?

८ जानेवारी
तिचा दुसरा पेपर आला, तोही मोठ्या जर्नलमध्ये. अंजलीने विचारायच्या आत ओवा खाल्ला. आभारातलं नाव बघायला पेपर उघडला. शीर्षक: ‘समाजकार्याचे प्राध्यापक लिहीत का नाहीत?’
आभारात मी नाही. मी आत आहे. नाव बदलून ‘गेनबा’ केलंय. गेनबा म्हणतो, “पेपर डोक्यात तयार आहे, फक्त लिहायचा बाकी आहे.” त्याच्यावर अडीच पानं विश्लेषण. टेबलाला स्वतंत्र परिच्छेद.

९ जानेवारी
स्टाफरूममध्ये डिपार्टमेंटमधल्या सुजितने विचारलं, काय गेनबा, चहा घेणार का राव? करिष्मा सोडून सगळे हसले. ती बिचारी लाल झाली. तिने कुणाला सांगितलं नव्हतं म्हणे. पण माझं ते वाक्य कॉलेजात शिपायालाही पाठ आहे.

१० जानेवारी
नीट विचार केला. शब्द माझे, जर्नल मोठं. संपादकांना मेल केला: ‘गेनबा’ काढून प्रा. ज्योतीराम असं खरं नाव घाला, पदासकट. या वर्षातलं पहिलं काम वेळेत झालं.

३० जानेवारी
संपादकांचं उत्तर. मुलाखत देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, क्षमस्व.
संध्याकाळी गेटवर करिष्माचा नवा फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुकांत माझा फोटो. फोटोखाली ठळक अक्षरांत ‘प्रा. गेनबा’. नावं सुजितने फोनवरून सांगितली होती. फ्लेक्सवाल्याला फोन करून झापलं. तो म्हणाला, चुकलं भाऊ, पुढच्या वेळी बरोबर टाकतो, मॅडमचा तिसरा कधी येतोय?