एकाच छताखाली राहणाऱ्या व्यक्ती

३ फेब्रुवारी, सोमवार

आज नोकरीचा पहिला दिवस. चांगला गेला. ताई म्हणाली होती की रोज चार ओळी लिहीत जा, डोके हलके होईल. म्हणून ही वही आणली.

विधानभवनाच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर आमचा विधेयक कक्ष आहे. मला खिडकीजवळचे टेबल मिळाले. खाली ड्रायव्हर मंडळी गाड्या पुसत गप्पा मारतात, त्यांचे हसणे वर ऐकू येते. काम सोपे आहे. कुठले विधेयक कुठवर आले याची नोंद ठेवायची. ते सभागृहात मांडले जाते, मग समितीकडे जाते, परत येते, त्यावर मतदान होते, दुसऱ्या सभागृहात जाते, मग संमतीसाठी वर जाते आणि शेवटी राजपत्रात छापून येते. छापून आले की कायदा झाला. भिंतीवर मोठा बोर्ड आहे. प्रत्येक विधेयकाची एक पुठ्ठ्याची पट्टी आणि पट्ट्या सरकवायला खाचा. संगणकावरही भरावे लागते, पण कक्ष अधिकारी साहेबांचा भरवसा बोर्डावर. ते म्हणाले, बाई, वीज गेली तरी पुठ्ठा जात नाही.

शेजारच्या टेबलावर मुद्रिते तपासणाऱ्या बाई बसतात. सगळे त्यांना स्वल्पविराम म्हणतात. त्यांनीच सांगितले की एक तर मी बुटकी, त्यात सगळ्यांना मध्येच थांबवते, मग दुसरे काय म्हणणार. घरी कोण कोण, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, सासूबाई आणि मी. हे लाँचवर होते. बुडालेल्या लाँचची बातमी इथेही सगळ्यांना माहीत आहे. त्या उठून माझ्यासाठी चहा घेऊन आल्या.

भाड्याची जागा दोन खोल्यांची आहे, तिसऱ्या मजल्यावर. पाणी दिसेल अशी एकही खिडकी नाही. मी मुद्दाम तशीच बघितली. स्वयंपाकघरात उजेड भरपूर येतो, असे सासूबाई आपणहून म्हणाल्या. लाँच बुडाल्यापासून त्यांनी कशाला चांगले म्हटले ते आज पहिल्यांदा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक विधेयक मांडले गेले. ते लाँचच्या माणसांविषयी आहे.

अकरा जण सापडले नाहीत, हे त्यांच्यातले. कायद्याने ते अजून बेपत्ताच आहेत. बेपत्ता माणसाला मृत मानायला सात वर्षे थांबावे लागते. तोवर घर नावावर होत नाही, काही होत नाही. या विधेयकाने त्या अकरा जणांना लगेच मृत मानता येईल. साहेब जरा घुटमळले. ही पट्टी स्वल्पविराम सांभाळतील, तुम्ही दुसऱ्या घ्या, असे म्हणाले. मी नको म्हटले. पट्टीवर नाव लिहिले आणि पहिल्या खाचेत बसवली. अक्षर चांगले आले.

मला काही वाटायला हवे होते. वाटले नाही. हल्ली असेच आहे. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू येईल.

घरी सासूबाईंना सांगितले. त्यांनी भाजी चिरता चिरता विचारले, एवढी मोठी माणसे कोट घालून जमतात ती माझ्या पोराला मारायला का? मी म्हटले, आई, तसे नसते ते. त्या म्हणाल्या, मग कसे असते ते सांग.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विधेयक समितीकडे गेले. स्वल्पविराम म्हणाल्या, समिती म्हणजे विधेयकाचे माहेर, एकदा गेले की परत यायचे नाव नाही. सगळे हसले. मीही हसले असेन.

सासूबाई म्हणतात, हे त्यांना खाली दिसले. इस्त्रीच्या दुकानापाशी उभे होते, घराकडे बघत. मी म्हटले, तशा अंगाची माणसे पुष्कळ असतात. त्यावर त्या म्हणाल्या, तू त्याच्याशी लग्न केलेस, मी त्याला जन्म दिला आहे, मला नको शिकवूस.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी बाजारातून आले तेव्हा दार उघडे होते. हे स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते.

मी पिशवी खाली ठेवली. अंगावर त्या दिवशीचाच शर्ट होता. कोरडा आणि इस्त्री केलेला. सासूबाई त्यांच्या केसांवरून हात फिरवत होत्या. मला म्हणाल्या, बघ, आला की नाही. मी विचारले, कुठे होतात? हे म्हणाले, लाँचला उशीर झाला. आवाज त्यांचाच. मी विचारले, बरे आहात ना? हे म्हणाले, लाँचला उशीर झाला.

मी ओरडायला हवे होते, नाहीतर रडायला. मी भाजी निवडायला घेतली. मग जवळ जाऊन हात धरून पाहिला. गार नव्हता, गरमही नव्हता. टेबल लागते तसा लागला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कचेरीत सांगितलेले नाही. काय सांगणार? सासूबाईंनी बजावले आहे, बाहेर अवाक्षर काढू नकोस, लोक त्याला घेऊन जातील.

हे बस म्हटले की बसतात. आडवे व्हा म्हटले की होतात, डोळे उघडेच ठेवून. जेवत नाहीत. मी स्वतःवर लक्ष ठेवून आहे, आनंद कधी होतो ते बघते आहे. नवरा परत आला की बाईला आनंद होतो. अजून झालेला नाही.

सासूबाईंनीही जेवण कमी केले आहे. विचारले तर म्हणतात, पोट भरलेले आहे. दिवसभर ह्यांच्या शेजारी बसून असतात. दोघे भिंतीकडे बघतात. त्या बोलायला लागल्या की ऐकवत नाही अशी माझी सासू, आणि घरात आता शब्द नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज समितीपुढे साक्षी होत्या. आमच्या कक्षाबाहेरच्या बाकावर चार-पाच माणसे बसवली होती. स्वच्छ कपडे, हात मांडीवर. कुणी कुणाशी बोलेना. स्वल्पविराम हळूच म्हणाल्या, काय शिस्त बघा, आमच्या सदस्यांची शिकवणी यांच्याकडे लावा. चहावाल्या काकांनी सगळ्यांच्या हातात कप दिले. थोड्या वेळाने गेले तर कप तसेच हातात, चहावर साय धरलेली. काका म्हणाले, माझ्या चहाचा असा अपमान आजवर झाला नव्हता.

साहेबांकडून कळले की आणखीही काही घरांत लाँचवरची माणसे परत आली आहेत. मी विचारले, ती हीच का? साहेब म्हणाले, नाही हो, ती घरीच ठेवली आहेत. ही त्यांच्या घरची. ती आई, ती बायको, तो दीर.

मी पुन्हा बघितले. बायको माझ्याच वयाची होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग बाकावर थोडी सरकली. मला बसायला जागा केली.

५ मार्च, बुधवार

समितीने विधेयक परत पाठवले. दुरुस्ती सुचवली आहे. उतरून घेते.

‘अशी व्यक्ती परत आल्याचे दिसून आले तरी ती मृतच मानण्यात येईल, आणि तिच्यासोबत एकाच छताखाली राहणाऱ्या व्यक्तीही मृत मानण्यात येतील.’

स्वल्पविरामांनी नेहमीप्रमाणे विरामचिन्हे तपासली. पण आज थट्टा केली नाही. साहेब म्हणाले, समितीने त्या साक्षीदारांना तपासले, डॉक्टरही बोलावले होते. आता जे आहे त्याला नाव तर द्यायला हवे.

मी सहज विचारल्यासारखे विचारले, आधीच कुणी घर सोडून गेले तर? साहेब म्हणाले, कायदा त्या दिवसापुरते बघतो. राजपत्रात छापून येईल त्या दिवशी तुम्ही कुठल्या छताखाली राहता, एवढेच. तुम्ही म्हणजे कुणीही.

म्हणजे वेळ आहे. छापून यायच्या आत घर सोडायचे. सासूबाईंना घेऊन.

१० मार्च, सोमवार

ताईला फोनवर सगळे सांगितले. ती मग म्हणाली, आजच्या आज निघ, माझ्याकडे ये, बाकीचे नंतर बघू. मी म्हटले, आईंना सोडून कशी येऊ. ताई म्हणाली, त्यांना उचलून आण.

सासूबाई हलत नाहीत. म्हणाल्या, मुलाला टाकून कुठली आई जाते, सांग. मग मी ह्यांनाच सांगितले, तुम्ही जा. हे लगेच उठले, दारापाशी गेले, उंबऱ्यात उभे राहिले. रागावले नाहीत की काही नाही. सासूबाईंनी हात धरून त्यांना परत आणून बसवले. मी पुन्हा सांगितले, पुन्हा उठले. पुन्हा बसवले. असे किती वेळ चालले कुणास ठाऊक. शेवटी मीच थांबले.

१३ मार्च, गुरुवार

मतदान झाले. चर्चा नाही. अध्यक्षांनी विचारले, सगळे होय म्हणाले. मी गॅलरीतून पाहिले. पट्टी पुढे सरकवली.

डबा उघडायचा राहून गेला. कालचाही तसाच होता. स्वल्पविरामांनी माझ्या हातावर हात ठेवला, अहो, जेवून घ्या, म्हणाल्या. आणि हात काढून घेतला. पटकन. मग रुमालाला पुसला. त्यांना वाटले मला दिसले नाही.

१७ मार्च, सोमवार

दुसऱ्या सभागृहातही संमत.

पट्टी सरकवली नाही. पाठ करून बसून राहिले. माझ्याच्याने होईना, एवढेच. पट्टी तिथेच राहिली तर कदाचित— वेडेपणा आहे. साहेबांनी स्वतः उठून सरकवली. म्हणाले, बाई, बोर्ड थांबला म्हणून कायदा थांबत नाही.

माझ्याकडे बघून बोलले नाहीत. माझ्या खुर्चीकडे बघून बोलले.

१९ मार्च, बुधवार

संमती आली. शनिवारच्या राजपत्रात.

बॅग भरली. दाराशी नेऊन ठेवली. मग वाटले, जरा टेकावे. ह्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. बसले. उठायचे म्हणत होते. उजेड जाऊन परत आला, बहुतेक दुसरा दिवस— आज बुधवार की—

ताईचे फोन. पुष्कळ. शेवटचा घेतला. ती म्हणाली, तू येत नाहीस ना, मग मीच येते. सामान घेऊन येते आणि राहतेच तुझ्याकडे. बघू मला कोण हलवते. लहानपणापासून अशीच आहे. मी म्हटले, नको. जोरात म्हटले. ती म्हणाली, बोल ना, अगं, ऐकू येत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

कचेरीत गेले. काकांनी सगळ्यांना चहा दिला. माझ्या टेबलावरून ट्रे पुढे गेला.

कुणी वाईट वागले नाही.

स्वल्पविराम रडत होत्या. काम करता करता. विचारले, काय झाले— त्या पान तपासत राहिल्या.

घरी आले. म्हणजे इथेच आले. दुसरीकडे जायचे होते ना मी. स्टेशनवर. ताईकडे. पाय इकडेच—

२२ मार्च, शनिवार

सकाळ. छापून आले असेल.

काही वेगळे नाही. दुखत नाही. खिडकीत उजेड आहे. हे आहेत, सासूबाई आहेत. तिघांनाही भूक नाही.

जिन्यावर ताईचा आवाज. खालच्या बाईंना विचारते आहे, वरती माझी बहीण राहते, आहे का घरी? त्या म्हणाल्या, वरती कुणी असेलसे वाटत नाही हो, किती दिवस हूं नाही की चूं नाही.

वर येते आहे. काहीतरी जड घेऊन, पायरी पायरीवर टेकवत. राहायला आली आहे. खरेच आली.

दाराला पाठ लावून खाली बसले आहे. गुडघ्यावर वही. कडी घातली आहे. ती दार वाजवते आहे. अगं, उघड, मी आहे.

आत आली, राहिली, की तीही—

जा म्हणून सांगते आहे. परत परत. माझे मलाच ऐकू येत नाही. चिठ्ठी— फटीतून चिठ्ठी सरकवते, जा, ताई, जा, एवढे लिहून— हात सावकाश चालतो—

तिने बॅग खाली ठेवली. रडते आहे. रडताना ऐकले की मला नेहमी—

नाही. काही नाही.

पाय दिसताहेत. सासूबाई उठल्या. किती दिवसांनी. हसताहेत. म्हणतात, बाहेर पाहुणी उभी आणि तू अशी काय बसलीस, हो बाजूला, घरात माणूस आले की बरे वाटते. मागे हेही उठले आहेत. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात कडीकडे

मी धरून आहे. दोन्ही हातांनी धरायला हवी, पण मग लिहिता