इस्त्रीवाली पलटण

त्या सकाळी मी पाणी भरून ठेवलं, भांडी पालथी घातली, खिडकीतल्या कुंडीला उरलेला चहा ओतला (त्यावर ते झाड कसं जगलं हे मला अजून कळलेलं नाही) आणि ह्यांचा पांढरा शर्ट इस्त्रीला घेतला. तेवढ्यात खालून शेजारणीने हाक मारली. मी खिडकीत गेले, तिच्या सुनेची कहाणी अथपासून इतिपर्यंत ऐकली, आणि परत येऊन पाहते तो शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटलेला. त्या दिवशी ह्यांची बढतीची मुलाखत होती, आणि दुसरा शर्ट बादलीत भिजत होता.

पण वन्सं, तुम्हाला नमस्कार राहिलाच. मोठ्यांच्या पाया पडून मग पत्राला हात घालावा एवढं मला कळतं, पण शर्ट आधी आठवला. तुमचे गुडघे काय म्हणतात? घरातला खोकला गेला का, की त्यालाही आता घरचाच माणूस समजायचं? मी बरी आहे. जेवते, झोपते. पलंगाच्या माझ्याच बाजूला झोपते, त्यामुळे निम्मीच चादर चुरगळते आणि धुणं कमी पडतं.

तुमच्या भावाची सवय तुम्हाला माहीत आहेच. नळखात्यात दिवसभर गळत्या शोधायच्या आणि सकाळी दाढी करता करता मला इतिहासातली एखादी अजब गोष्ट सांगायची. मी कामातून मान वर न करता म्हणायचे, "खोटं." ते गालावरचा साबण सांभाळत म्हणायचे, "पुस्तकात आहे." एवढ्यावर आमची सकाळ पार पडायची. त्या सकाळी मात्र मी शर्ट हातात धरून रडायच्या बेतात उभी होते. ह्यांनी डाग पाहिला, शर्ट अंगात घातला, वर कोट चढवला आणि म्हणाले, "इस्त्रीवाली पलटण माहीत नाही तुला?" एका सेनापतीच्या बायकोने म्हणे मोठ्या संचलनाच्या दिवशी त्याच्या अंगरख्याची पाठ अशीच जाळली. ती बिचारी तोंड लपवून बसली. सेनापतीने काय करावं? हुकूम सोडला, की सगळ्या पलटणीने पाठीवर इस्त्री टेकवून यावं. त्या दिवसापासून तो डाग त्या पलटणीची शान ठरला, आणि ज्याच्या पाठीवर तो नाही त्याला रांगेत उभं करत नसत. मी "खोटं" म्हणाले नाही. म्हणाले, "कोट काढू नका म्हणजे झालं." (नाही काढला. भर उन्हाळ्यात, साहेबांनी दोनदा सांगूनही. बढती मिळाली नाही, पण ती कोटामुळे गेली असं मी मानत नाही. साहेबांचा भाचाही त्याच जागेसाठी आला होता.)

हे गेल्यावर मी वाचायला लागले ते ह्यांना खोटं पाडायला. भांडायला माणूस उरला नाही, तर निदान पुरावे तरी गोळा करावेत. शाळा माझी लवकर सुटलेली, त्यामुळे सुरुवातीला एक पान संपेस्तोवर भात करपायचा. आणि झालं भलतंच. डुकरिणीवर भर न्यायालयात खटला चालला होता, आणि तिच्या पिल्लांना लहान म्हणून सोडून दिलं होतं. खरं निघालं! कामगारांना उठवायला एक बाई फुंकणीतून त्यांच्या खिडक्यांवर वाटाणे मारायची. खरं! सैनिक मशिनगन घेऊन पक्ष्यांवर चालून गेले आणि पक्ष्यांनी त्यांना दमवून परत पाठवलं. तेही खरं! प्रत्येक गोष्टीला मी फोटोकडे बघून म्हणायचे, "बरं, ही तुमची." फोटोतला माणूस फार शिष्ट दिसायला लागला होता.

हे ग्रंथपालबाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला दर गुरुवारी वाचनालयात तासभर अशा गोष्टी सांगायला बसवलं. वन्सं, तुम्ही हसाल, पण त्या तासावर माझा आठवडा उभा आहे. बुधवारी मी वाचनालयात घालायचा माझा कोट झटकते, शुक्रवारी मनातल्या मनात सगळं पुन्हा सांगते. मागच्या गुरुवारी मी इस्त्रीवाली पलटण सांगितली. बायका हसल्या, एकीने डोळे पुसले, मी खूश. आणि मागच्या रांगेतून सनावळी मास्तर उठले. (निवृत्त इतिहास शिक्षक. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी कोणत्या सालातला वाढदिवस म्हणून विचारतात.) "बाई, कोणतं सैन्य? कोणतं शतक? पुस्तक कोणतं?" मी ह्यांच्यासारखीच म्हणाले, "पुस्तकात आहे." मास्तर म्हणाले, "मग आणा." ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी पुस्तक आलं तर बरं, नाहीतर तास मास्तरांकडे द्यावा लागेल. लोक विश्वासाने ऐकायला येतात.

आठवडाभर मी वाचनालयातल्या शिडीवरच राहायला होते म्हणा ना. मास्तर माणूस वाईट नाही. शिडी धरायला स्वतः आले, आणि मी पडू नये म्हणून धरली की पळू नये म्हणून, ते त्यांनाच माहीत. सैन्यांचे इतिहास पाहिले, गणवेशांचे पाहिले, मास्तरांनी घरून दोन जाडजूड ग्रंथ आणले. पलटण कुठेच नाही. मग मला आणखी दोन गोष्टी आठवल्या, त्याही कधी सापडल्या नव्हत्या. ज्या राणीने खजिन्याची किल्ली विहिरीत पाडली आणि त्यामुळे राज्य वाचलं, ती. आणि जो खलाशी झोपला म्हणून बेट सापडलं, तो. किल्लीची गोष्ट ह्यांनी सांगितली तेव्हा आम्ही दोघं घराबाहेर पायरीवर बसलो होतो, कारण किल्ली मी हरवली होती. खलाशी ऐकला तेव्हा माझ्या डुलकीमुळे आम्ही शेवटच्या थांब्यावर पोचलो होतो.

मी शिडीवरून खाली उतरले. मास्तरांनी विचारलं, "सापडलं?" मी म्हटलं, "हो." आणि घरी आले. एवढी वर्षं मी डुकरिणीला खोटं म्हटलं, वाटाण्यांना खोटं म्हटलं, आणि जे त्यांनी माझ्यासाठी रचलं तेवढ्यावरच डोळे मिटून विश्वास ठेवला. आता गुरुवारी काय करायचं ते कळत नाही. पलटण खोटी म्हणावं तर तास जातो, आणि ह्यांची गोष्टही चारचौघांत जाते. खरी म्हणावं तर मास्तरांना पुस्तक हवं.

तुमचीच,
धाकटी वहिनी

ता. क. ह्यांचे कपडे तुम्ही गाठोडं बांधून नेलेत, त्यात तो शर्ट होता. एवढं लांबलचक लिहिलं ते त्याच्यासाठी. कुणाच्या अंगावर असेल तर राहू दे. फरशी पुसायला घेतला असेल तर तो त्रिकोण तेवढा कापून पाठवा. धुऊ नका, मी धुईन.

आणखी एक ता. क. पत्र टाकायचं राहूनच गेलं, म्हणून पुढचं इथेच लिहिते. गुरुवारी मी उभी राहिले आणि सांगितलं, की ही पलटण कुठल्याही पुस्तकात नाही. मी शर्ट जाळला होता, म्हणून माझ्या नवऱ्याने ती उभी केली. तास आता मास्तरांकडे गेला आहे. त्यांनी खुर्चीत बसून चष्मा पुसला, सनावळीचा कागद काढला, परत घडी करून ठेवला आणि मला विचारलं, "पण बाई, त्या सेनापतीच्या बायकोचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, ते मला सांगायचं ह्यांचं राहून गेलं. तर शर्टाची घाई नाही, तुमच्या सवडीने बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, भांडी पालथी घातली, इस्त्री तापवली, आणि वाचनालयात जाताना घालते तो माझा फिकट कोट उलटा पसरून त्याच्या पाठीवर ती टेकवून ठेवली.