मेडिकलमधला कापूस

मारेगाव, मंगळवार, नोव्हेंबर २००६

शिसारी आली आज. दुसरा शब्दच सुचत नाही.

शहरातली एक संस्था शाळेत चित्रकलेची कार्यशाळा घ्यायला आली होती. कापसाच्या वेचणीमुळे वर्ग अर्धे रिकामे, म्हणून हेडसरांनी कालच घरोघरी निरोप धाडले, उद्या लेकरांना शेतात पाठवू नका, फोटो काढायचे आहेत. लेकरं आली. दुपारपर्यंत शाल-नारळ बघत आणि भाषणं ऐकत बसली. मग विषय दिला, 'पांढरं सोनं'. कागदावर बोंड काढायचं आणि त्यावर कापूस चिकटवायचा. कापूस कुठला? मेडिकलमधला, निळ्या कागदात गुंडाळलेला. कपाशीच्या मुलखात मेडिकलमधला कापूस, आणि आम्ही मास्तर टाळ्या वाजवत होतो. मीसुद्धा.

सहावीतली रुखसाना हात आखडून बसली होती. वेचताना बोंडांची टोकं लागून तिची बोटं चिरलेली, त्यात डिंक झोंबत होता. तरी तिनं चिकटवलं. कापसाला रक्त लागलं. संस्थेच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "बेटा, चित्र घाण झालं ना. हात धुऊन ये." आणि त्या निळ्या कागदातून नवा कापूस तोडून दिला.

रक्त लागलेला कापूस मीच उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर रुखसाना ऑफिसच्या दारात आली. "सर, उद्या शाळेत येऊ का वेचाले जाऊ?"

मी तोंड उघडायच्या आत हेडसर खुर्चीतूनच म्हणाले, "जाय वेचाले. उद्या कायले येतं? फोटो तं झाले."