ओल्या मोळीचं वजन

माय, तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते आहे. मी काय काम करते ते तुला सांगायचं राहिलं. त्याआधीच तू गेलीस. आपल्या टेकडीवरून एक उपग्रह जातो. तो रडारच्या लहरी खाली सोडतो, त्या खोडांवर, फांद्यांवर आपटून परततात. किती परतल्या त्यावरून, एकही झाड न तोडता, जंगलात लाकूड किती आहे याचा अंदाज मी बांधते. तू हे नुसत्या नजरेनं करायचीस. वाळलेल्या धावड्याच्या झाडासमोर उभी राहून म्हणायचीस, "दीड मोळी भरन," आणि दीडच भरायची.

यंदा आकडा फार चांगला आला आणि मी तो गावात सांगूनही टाकला. गावानं कित्येक वर्षं त्या टेकडीवर कुऱ्हाड आणि बकऱ्या जाऊ दिल्या नव्हत्या. सगळे अहवालाची वाट पाहत होते. मलाही तो आकडा खरा हवा होता. अहवाल पाठवण्यापूर्वी मी उपग्रहाच्या प्रतिमेची तारीख पाहिली. त्याच सकाळी तिथं अवकाळी पाऊस पडून गेला होता. ओली पानं आणि ओली माती जास्त लहरी परतवतात. मी लाकडाबरोबर पाणीही मोजलं होतं.

तेव्हा मला शेलूबाजारचं हॉटेल आठवलं. मी दहा वर्षांची आहे. आपली मोळी काट्यावर आहे आणि हॉटेलवाला एक फांदी मोडून पाहतो आहे. "काय वं बाई, लाकडं विकून राह्यली का पाणी?" बाकावरची माणसं हसतात. तू म्हणतेस, "दव पडलं असन, भाऊ." मग तू मोळी सोडतेस, एकेक लाकूड उन्हात मांडतेस आणि शेजारी बसतेस. मी रडकुंडीला येऊन म्हणते, "माय, चाल ना घरी." "बस इथंच. वाळल्यावर जे भरन तेच आपलं." दुपारी मोळी पुन्हा काट्यावर गेली. बरीच कमी भरली. हॉटेलवाल्यानं न मागता चहा दिला. बशीतला तू मला पाजलास, कपात उरलेला घोट स्वतः घेतलास.

मी कोरड्या दिवसांच्या प्रतिमा घेऊन सगळं पुन्हा केलं. टेकडीवर जाऊन खोडांचे घेर टेपनं मोजले. आकडा उतरला. वनसमितीतल्या म्हाताऱ्या बाबांना सांगायला गेले.

"आधी सांगितलं त्याहून कमी आहे, बाबा."

"पण वाढलं ना?"

"वाढलं."

"मंग तोंड कायले पाडलं, पोरी?"

हे पत्र वहीतच राहील. एक मात्र लिहून ठेवते. त्या दिवशी दव पडलं नव्हतं. मोळी लहान झाली होती म्हणून नाल्यावर तू तोंड धूत असताना मी तिच्यावर पाणी ओतलं. हॉटेलपुढं माझ्या परकराची कड ओलीच होती, ती मुठीत धरून मी उभी होते. तुला ती दिसली होती, असं आता वाटतं.