सोमारी, जिला मी कागदावर सौम्या केले

मी, पद्माकर त्र्यंबक देवईकर, वय सत्तावन्न, धंदा वार्ताहर, राहणार मौजा येरगुडा, तालुका जिवती, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप नाही, पण कायदा झडपेची चौकशी करत नाही. कोणाचा दबाव नाही. शेजारच्या धुरपताबाई कोडापे "लिवा लवकर भाऊ, तुमाले दम लागून राह्यला" असे म्हणत आहेत. तो दबाव समजू नये.

१. मला मूलबाळ नाही. सोमारी नात्याने माझी कोणी लागत नाही. तिचे आईबाप, इसरू व रंभा मडावी, तेंदूपत्ता तोडायच्या हंगामात एकाच झाडाखाली वीज पडून गेले. बातमी मी चार ओळींत पाठवली. दोन ओळींत छापून आली आणि मागे राहिलेली तीन वर्षांची मुलगी त्यातून गळाली. बातमीत मावली नाही, म्हणून घरी आणली. आज ती अकरा वर्षांची आहे आणि मला आबाजी म्हणते.

२. राहते घर सोमारीला. छपराचे कवेलू दर उन्हाळ्यात फेरावेत. मोटारसायकल तालुक्याच्या नव्या वार्ताहराला. तिसऱ्या किकला सुरू होते, आधी रागावू नये. संस्कृत कोश राजुऱ्याच्या धाकट्या भावाला, ज्याने "पोरीला वसतिगृहात टाक आणि मोकळा हो" असा सल्ला दिला होता. 'करुणा' शब्दाचे पान दुमडून ठेवले आहे.

३. इसरूच्या नावचा तीन एकरांचा वनहक्क पट्टा माझा नाही, तो तिचाच. तिथे वारस म्हणून 'सोमारी इसरू मडावी' अशी नोंद आहे. शाळेत आणि आधारवर मात्र 'सौम्या'. ही करणी माझी.

दाखल्याच्या दिवशी मुख्याध्यापक अतुल आत्राम यांनी नाव विचारले. तिने खणखणीत सांगितले, "सोमारी." सोमवारी जन्मली म्हणून सोमारी. मला त्यात अपभ्रंश दिसला. जन्मभर दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारलेला हात, तो आवरला नाही; अर्जावर 'सौम्या' लिहिले. धुरपताबाई तिथेच म्हणाल्या, "पोरीचं नाव काऊन बदलवता, भाऊ? तिच्या मायनं ठेवलं हाये ना थे!" मी त्यांना व्युत्पत्ती समजावली. पुढे कोश उघडला, तर काटेकोर व्याकरणाने स्त्रीलिंगी रूप 'सौमी' निघाले. म्हणजे नाव बिघडवले, तेही अशुद्ध.

आता कचेरीच्या लेखी सोमारी बेपत्ता आहे आणि सौम्याला बाप नाही. जातीचा दाखला अडला, पट्टा अडला. दुरुस्तीचा अर्ज पाच वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. गावोगावच्या लोकांचे अर्ज मी छापून मार्गी लावले. हे एक नाव मला मागे फिरवता येत नाही.

४. सबब शपथेवर लिहितो की सौम्या व सोमारी ही एकच मुलगी आहे. वकिलांना चहाला बोलावून विचारले. ते म्हणाले, "तुमच्या लिहिण्यानं कचेरी मानेलच असं नाही. आणि मूल मृत्युपत्रात देता येत नाही. देता येतं ते फक्त जे तुमचं आहे."

मी चहाचे पैसे देऊन उठलो.

५. काल हे सारे तिला वाचून दाखवले. जमिनीचे तिने काहीच विचारले नाही. म्हणाली, "शाळेत, गावात समदे सौम्याच म्हन्तेत. धुरपतामाय पोरी म्हन्ते. तुमी गेल्यावर मले सोमारी कोन म्हनन, आबाजी?"

 

म्हणून ती हाक मी धुरपताबाईंना देतो. रोज सांजेला अंगणातून 'सोमारी' म्हणून हाक मारावी. मुलीला त्यांनीच सांभाळावे. ही तरतूद नव्हे, विनवणी आहे. वकिलांच्या मते ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. पण हाक ही मिळकत नव्हे, हेही त्यांचेच मत. तेव्हा धुरपताबाई साक्षीदार राहतील.

अंगठा उमटवण्याआधी त्यांनी अंगणात जाऊन एकदा हाक मारून पाहिली, "सोमारीऽऽ!"

मुलगी माझ्याजवळच बसली होती. तिने ओ दिली नाही.

"अभी नाई," म्हणाली. "आबाजी हायेत ना."

हे वाचून, समजून, खाली सही केली.

ठिकाण: येरगुडा
दिनांक: १९ जानेवारी २०२५

लिहून देणार: पद्माकर त्र्यंबक देवईकर

साक्षीदार:
१. धुरपताबाई कोडापे (डाव्या अंगठ्याची निशाणी)
२. अतुल आत्राम, मुख्याध्यापक