कुटाराच्या खोलीतली बशी

चि. कुशल यास ईश्वरदासचे आशीर्वाद. तिकडे बेसाला सगळे खुशाल असतीलच. इकडे आम्हीही मजेत आहोत. म्हणजे गाय, म्हैस आणि मी. तुझ्या बहिणीचं पुढे लिहितो. (फोन केला नाही, कारण अनुसयेसमोर फोन म्हणजे स्पीकरवरच बोलावं लागतं. पत्र दूधगाडीवाल्या नत्थूजींच्या हाती देतो आहे.)

तुझ्या रितिकानं आमचं घर गाजवलं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी झाकणाच्या काचेच्या बश्या घेऊन आली; घरातल्या हवेत जंतू किती, बुरशी किती, ते मोजायला. बशी अर्धा तास उघडी ठेवायची, हवेतून पडेल ते पडू द्यायचं आणि मग नेऊन उगवायचं. पोरीचं म्हणणं, आत्याचा खोकला कुटाराच्या खोलीतूनच येतो. सोयाबीनच्या भुशाचं हे कुटार यंदा भिजलं, त्याला बुरशी धरली, आणि जनावरांसाठी पाटी भरताना ती सगळी नाकात जाते. पण अनुसयेला वाटलं, घराला मार्क मिळणार! तीन दिवस सडा, सारवण, धूप. म्हशीलासुद्धा साबण लागला. (मला बनियन बदलायला लावली, जणू मीही हवेतच मोजला जाणार होतो.) एकीकडे ठसकत होती आणि एकीकडे जाळी काढत होती.

निकाल आला. शेजारच्या यमुताईंच्या स्वयंपाकघरात एकेचाळीस ठिपके, आमच्या स्वयंपाकघरात नऊ आणि कुटाराच्या खोलीत शून्य! रितिकाच्या मॅडमही चक्रावल्या म्हणे. अनुसयेनं तो कागद लॅमिनेशन करून टीव्हीच्या वर लावला. आता दवाखान्याचं नाव काढलं की एकच, "मी काहून जाऊ? हवा चांगली हाये म्हणून कागद देल्ला ना पोरीनं!" आणि नाकाला पदरही न लावता कुटारात शिरते. मी अंगणात येरझाऱ्या घालतो. आतला खोकला वाढला की माझा जीव उडतो, थांबला की आणखी उडतो. चूक सगळी त्या कॉलेजच्या बशीची आहे.

तुझा भाऊजी,
ईश्वरदास

ता.क. : बशीची काही चूक नाही. रितिका बशी उघडून गोठ्यात गेली, त्याच क्षणी मी कुटाराच्या खोलीत डोकावलो. धूळ डोळ्यांना दिसत होती. यमुताई अंगणात ठाण मांडून बसलेल्या, आणि तीन दिवस राबलेली अनुसया त्यांच्यासमोर नापास होणार, मला बघवेना. बशीवर ताट झाकलं आणि पोरगी यायच्या आत काढलं. आता हे कबूल करायला तोंड नाही. रितिकाला तू सांग, आणि नवी बशी घेऊन ये म्हणावं.

आणखी ता.क. : खरं काम हे. अनुसया स्वतःसाठी दवाखान्यात येणार नाही, माझ्यासाठी येईल. तर सोमवारी गाडी घेऊन ये आणि भाऊजींची छाती दाखवायची आहे असं सांग. तिथं पोचलो की तिचीच तपासून घेऊ. परवापासून मी खोटं खोकायला लागलो आहे. तेव्हापासून ती घाबरून माझ्यासाठी अडुळशाचा काढा उकळते आहे, आणि चुलीपाशी स्वतः खोकते ते तिला ऐकूही येत नाही. लवकर ये रे बाबा, काढा फार कडू आहे.